उभ्या टेम्पोचे अकरा फेरे

खाकी उतरवून मला आता तीन वर्षे झाली. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, आणि खरे सांगायचे तर त्यांतले बरेचसे आता एकमेकांत मिसळून गेले आहेत. एक प्रकरण मात्र मला पानापानाने आठवते. त्यात रक्त नव्हते, हत्यार नव्हते, कोणाचा पाठलागही नव्हता. घटस्फोट झालेल्या एक बाई होत्या, त्यांच्या डोक्यावर येऊन पडलेला फर्मचा कर होता, आणि सुरुवातीलाच माझ्या हातून झालेली एक चूक होती. नावे कोणाचीच देत नाही. त्यातली बहुतेक माणसे अजून भिवंडीतच आहेत.

त्या वेळी मी भिवंडीतल्या एका पोलीस ठाण्यात गुन्हे विभागाचा निरीक्षक होतो. भिवंडीचे ठाणे म्हणजे सकाळी हजेरी होत नाही तोवर दारात माणसे उभी. लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, कारखान्यात कारागिराचा हात अडकला, गोदामातून मालाचे गठ्ठे गेले, टेम्पोने रिक्षाला ठोकले, भाडेकरू गाळा सोडत नाही. शिवाय टपालाने आणि समक्ष येणारे अर्ज. या अर्जांचा दर आठवड्याला आढावा असतो, आणि प्रलंबित अर्जांचा आकडा वाढला की वरून विचारणा होते. त्यामुळे पैशाचा, भागीदारीचा, नवरा-बायकोच्या वाटणीचा अर्ज आला की त्यावर एक ठरलेला शेरा पडायचा. ‘वाद दिवाणी स्वरूपाचा असल्याने अर्जदारास न्यायालयात दाद मागण्याची समज दिली.’ खाली अधिकाऱ्याची सही. अर्ज निकाली.

एका मंगळवारी दुपारी एक बाई माझ्या टेबलासमोर येऊन उभ्या राहिल्या. वय चाळिशीच्या आसपास, डोक्यावरून ओढणी, हातात प्लास्टिकची फाइल. त्यांनी एक कागद माझ्यापुढे ठेवला आणि खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवले.

“साहेब, ही सही तुमची हाय ना?”

मी पाहिले. दीड महिन्यापूर्वीचा त्यांचाच अर्ज होता. “हो, माझीच.”

“वाचून केली होती?”

शेजारच्या टेबलावरच्या ठाणे अंमलदाराने लिहिता लिहिता मान वर केली. मला राग आला. वर्दीतल्या माणसाला असा प्रश्न विचारायची सवय लोकांना नसते, आणि ऐकायची आम्हाला नसते. पण त्यांच्या आवाजात भांडण नव्हते. उत्तर हवे होते, एवढेच.

“सोबतचे कागद वाचले नव्हते,” मी म्हणालो.

“मग आता वाचा. मी बसते.”

आणि त्या बसल्या.

मी वाचायला घेतले. जे कागदात नव्हते ते त्यांनी सांगितले.

बाई निजामपुऱ्यातल्या, जुन्या कोकणी मुसलमान घराण्यातल्या. वडिलांचा सहा लूमचा कारखाना होता. लग्नानंतर नवऱ्याने सुताचा आणि कोऱ्या कापडाचा व्यापार सुरू केला. भांडवल बाईंच्या वडिलांनी दिले, म्हणून फर्म दोघांच्या नावे निघाली, नवरा-बायको निम्मे निम्मे भागीदार. कामकाज सगळे नवरा पाहायचा. कराचे कागद एका कर सल्लागाराकडे असायचे. बाई वडिलांच्या कारखान्यात लक्ष घालायच्या आणि सांगितले तिथे सही करायच्या.

बारा वर्षांनी संसार मोडला. का मोडला हे मी विचारले नाही, त्यांनीही सांगितले नाही. दोघांच्या संमतीने, दोन्ही घरच्या वडीलधाऱ्यांसमोर आणि वकिलासमोर करार झाला. फर्म नवऱ्याची. फर्मची सगळी देणी, त्यात करही, नवऱ्याने भरायची. कारखाना बाईंचा. त्याच आठवड्यात बाईंनी कर सल्लागाराच्या कार्यालयात जाऊन फर्ममधून बाहेर पडल्याच्या निवृत्तीपत्रावर सही केली. आपला त्या फर्मशी संबंध संपला, असे त्यांनी धरले.

दीड वर्ष गेले. एके दिवशी कारागिरांचा पगार काढायला त्या बँकेत गेल्या तर खाते गोठवलेले. जीएसटीच्या वसुलीसाठी. कार्यालयात गेल्या तेव्हा तिथल्या अधिकाऱ्याने फाइल उघडून दाखवली. थकबाकीचे दोन भाग होते. एक, लग्न टिकून होते त्या काळातला. दुसरा, त्याच्या जवळजवळ तिप्पट, घटस्फोटानंतरचा. आणि नोंदीत बाई आजही भागीदार होत्या. वसुली झाली नाही तर पुढची पायरी मालमत्ता जप्तीची होती. बाईंकडे मालमत्ता म्हणजे ते सहा लूम.

“मी करार दाखवला,” त्या म्हणाल्या. “ते साहेब चांगले होते. म्हणाले, हा तुमचा दोघांचा आपसातला करार. आम्हाला लागू न्हाय.”

ते अधिकारी बरोबर बोलत होते. मला हे तेव्हा नीट माहीत नव्हते, नंतर समजून घेतले. भागीदारी फर्मचा कर थकला तर कर खाते कोणत्याही एका भागीदाराकडून सगळी रक्कम वसूल करू शकते. नवरा-बायकोने आपसात काय लिहून घेतले ते त्यांनी आपसात पाहावे. भागीदार बाहेर पडला तर ते खात्याला महिन्याच्या आत लेखी कळवावे लागते. कळवले नाही तर कळवेपर्यंतची सगळी जबाबदारी त्याच्या डोक्यावर राहते. बाईंचे निवृत्तीपत्र खात्यात पोहोचलेच नव्हते.

“म्हणजे काझीसमोर तुटलं, वकिलासमोर तुटलं,” बाई म्हणाल्या, “पण कॉम्प्युटरमध्ये अजून लग्न चालूच हाय.”

मी त्यांना विचारले, “ताई, यात गुन्हा कुठे आहे? कागद पोहोचला नाही, ही हयगय झाली. फसवणूक कशी म्हणायची?”

त्यांनी फाइलमधून घटस्फोटानंतरच्या बिलांच्या प्रती काढल्या. कर कार्यालयातून रीतसर मागून घेतल्या होत्या. “हे कापड बघा. लिहिलंय, माझ्या कारखान्यात विणलं. पन्हा त्रेसष्ट इंच. साहेब, माझे लूम चव्वेचाळीस इंची हायत. चव्वेचाळीसवर त्रेसष्टचं कापड कसं निघेल? लूम काय रबराचा हाय?”

मी बिले हातात घेतली आणि तो ठरलेला शेरा मनातून खोडला.

दुसऱ्या दिवशी मी राहनाळला गेलो. सोबत आमचे मुद्देमालाचे हवालदार होते. ठाण्यात जप्त होऊन येणाऱ्या प्रत्येक वस्तूची नोंद यांच्या रजिस्टरला. माणूस शेलार गावचा, नोकरीची शेवटची दोन वर्षे राहिलेली, बोलणे कमी. फर्मच्या नोंदणीत गोदामाचा पत्ता राहनाळचा होता. त्या रांगेत वीस-बावीस गाळे, सगळीकडे गाड्या लागलेल्या, हमाल माल चढवताहेत. फक्त या गाळ्याचे शटर बंद. कुलूप गंजलेले.

रांगेपुढचा रस्ता एक म्हातारी झाडत होती. जवळच्या आदिवासी पाड्यावरून रोज यायची. मी तिला विचारले, हा गाळा कधी उघडतो.

“न्हाय उघडत,” ती म्हणाली. “पयले उघडायचा. आता वरीस होऊन गेला.”

“नक्की? तुम्ही नसताना उघडत असेल.”

तिने झाडू थांबवला. “गाडी लागली का सुतळी पडते, पुट्ठा पडतो, चाकांचा चिखल पडतो. तो मलाच काढायला लागतो. ह्या दारासमोर मी वरीसभर नुसती धूळ काढतंय.”

पुढे तिचा जबाब घेतला. पस्तीस वर्षांच्या नोकरीत पाहिलेल्या चांगल्या साक्षीदारांत मी तिला धरतो. ती फक्त जे झाडले तेवढेच बोलली.

ठाण्यात परतल्यावर मी बिलांबरोबरची ई-वे बिले टेबलावर पसरली. माल रस्त्याने न्यायचा तर हे ई-वे बिल काढावे लागते, त्यात कोणत्या गाडीतून माल चालला तो नंबर भरावा लागतो. मी हवालदारांना म्हणालो, हे नंबर काढून गाडीमालकांना बोलवा. ते चष्मा लावून यादी करायला बसले. थोड्या वेळाने माझ्याजवळ आले.

“साहेब, ह्यो एक नंबर अकरा वेळा आलाय.”

“मग?”

“ह्यो नंबर माझ्या रजिस्टरला हाय.”

त्यांनी मला ठाण्याच्या मागच्या आवारात नेले. तिथे जप्त वाहनांची रांग. शेवटी भिंतीला लागून एक टेम्पो. चारही टायर बसलेले, बॉनेटवर रानवेल चढलेली, पुढच्या काचेवर आमच्याच हातचा खडूने लिहिलेला गुन्हा क्रमांक. गुटख्याच्या वाहतुकीत पकडलेला, खटला चालू असल्याने सुटला नव्हता. रजिस्टर काढले. जप्तीची तारीख पहिल्या ई-वे बिलाच्या चार महिने आधीची. म्हणजे हा टेम्पो आमच्या आवारात, आमच्या कुलपात उभा असताना कागदावर अकरा वेळा कापड भरून परराज्यात जाऊन आला होता.

हवालदार कधी हसत नसत. त्या दिवशी हसले. “आपण पहारा देतोय आनि ह्यो धंदा करतोय.”

मी त्याच संध्याकाळी बाईंची फिर्याद घेतली. तेव्हा जुनी दंड संहिता लागू होती. फसवणूक, बनावट दस्तऐवज तयार करणे, तो खरा म्हणून वापरणे, अशा कलमांखाली गुन्हा दाखल झाला. ठाणे अंमलदाराने फिर्याद वाचून दाखवली. बाईंनी ती स्वतः पुन्हा वाचली, एका ठिकाणी ‘पती’ लिहिले होते तिथे ‘पूर्वीचे पती’ करून घेतले, आणि मग सही केली.

तपासाचा मोठा भाग पत्रव्यवहाराचा होता. कर कार्यालयाकडून प्रमाणित प्रती, बँकेकडून खातेउतारा, मोबाईल कंपनीकडून सिमची माहिती. जीएसटीचे विवरणपत्र भरले की नोंदवलेल्या मोबाईलवर ओटीपी येतो. तो टाकला की झाली सही. नोंदवलेला नंबर बाईंच्या नावाचा होता, पण त्यांनी तो कधी वापरलाच नव्हता. फर्म निघाली तेव्हा नवऱ्याने त्यांच्या ओळखपत्रावर ते सिम घेतले होते. ते आता कोणाच्या हातात आहे, हा खरा प्रश्न होता.

आधी मी पूर्वीच्या नवऱ्याला बोलावले.

तो दिलेल्या वेळेआधी दहा मिनिटे आला. साधा, थकलेला माणूस. बसल्या बसल्या म्हणाला, “साहेब, ये फॅमिली मॅटर आहे. उसको मेरे ऊपर गुस्सा आहे, बस.”

मी म्हणालो, “गुस्सा असेल. निवृत्तीपत्र खात्यात का गेलं नाही ते सांगा.”

“ते कर सल्लागाराचं काम.”

“त्याने का नाही केलं?”

“मला काय माहीत.”

चौकशीत ‘मला काय माहीत’ हे उत्तर मी हजारदा ऐकले असेल. बऱ्याचदा ते खरेही असते. पण माहीत नसणे वेगळे आणि माहीत करून न घेणे वेगळे. दुसऱ्या प्रकारच्या माणसाला धाक घालून उपयोग नसतो. त्याने जे पाहायचे टाळले ते त्याच्यासमोर ठेवावे लागते.

मी त्याला विचारले, “कारखान्यावर जप्ती येऊ घातलीय, माहीत आहे?”

“कोणता कारखाना?”

“तुमच्या सासऱ्यांचा. आता त्यांच्या मुलीच्या नावावर आहे तो.”

त्याने खुर्चीचा हात धरला. नंतर कळले की पंचविशीत तो त्याच कारखान्यात हिशेब लिहायला लागला होता. सुताचा व्यापार त्याला सासऱ्यांनीच शिकवला होता.

“लूम कसे घेतील?” तो म्हणाला. “लूमचा काय संबंध?”

“ती भागीदार आहे. कागदावर आजही आहे. तुम्ही ठेवलीत.”

मी पाणी मागवले. मग त्याने सांगायला सुरुवात केली. फर्ममध्ये दोनच भागीदार. एक गेला की भागीदारी संपते, नोंदणी बंद करावी लागते, आणि बंद करताना जुना थकलेला कर भरावा लागतो. त्याच्याकडे तेवढे पैसे नव्हते. म्हणून त्याने कर सल्लागाराला सांगितले, कागद थोडे दिवस दाबून ठेव, मी सोय करतो. थोडे दिवस म्हणता म्हणता वर्ष गेले. दरम्यान व्यापार बसला, त्याने राहनाळचा गाळा बंद केला. सल्लागार म्हणाला, फर्म चालू दाखवायला हवी, ते मी बघतो. आणि दर महिन्याला त्याला एक पाकीट द्यायला लागला.

“कशाचे पैसे ते?”

“म्हणाला, जुनं येणं वसूल होतंय.”

“खरं वाटलं?”

“मैंने पूछा नहीं, साहेब.” मग मान खाली घालून म्हणाला, “तिच्यापर्यंत जाईल असं वाटलं नव्हतं. तिच्या नावावर काय आहे, असं वाटलं.”

पोलिसासमोरची कबुली कोर्टात पुरावा म्हणून उभी राहत नाही, हे प्रत्येक तपास अधिकाऱ्याला पाठ असते. त्यामुळे त्याच्या बोलण्यावर मी समाधान मानले नाही. मला कागद हवा होता, आणि तो कर सल्लागाराकडे असणार होता.

कर सल्लागार म्हणजे इस्त्रीच्या शर्टातला, कलमे तोंडपाठ असलेला गृहस्थ. आवाज कधी चढत नसे. त्याच्या कार्यालयाच्या भिंतीवर देवादिकांपेक्षा प्रमाणपत्रे जास्त होती. मी त्याला ठाण्यात बसवून सांगितले की मला जीएसटीतले काही कळत नाही, जरा समजावून सांगा. हे खोटे नव्हते. आणि माणसाला आपले ज्ञान सांगायला दिले की तो सावध राहायचे विसरतो.

त्याने तासभर समजावले. बिल कसे बनते, ई-वे बिल कसे निघते, गाडीचा नंबर कुठे भरतात. मी वहीत लिहून घेत होतो.

“म्हणजे ओटीपीशिवाय विवरणपत्र जातच नाही?” मी विचारले.

“अशक्य. यंत्रणा तशीच आहे.”

“आणि या फर्मचा ओटीपी कोणाला जायचा?”

“मॅडमना. नंबर त्यांचाच आहे. त्या फोनवर सांगायच्या, आम्ही भरायचो. आता वसुली निघाल्यावर त्या नाकारणारच.”

मी मोबाईल कंपनीचा कागद त्याच्यापुढे सरकवला. ते सिम दीड वर्षात एकदाही निजामपुऱ्याच्या टॉवरखाली गेले नव्हते. ते सदैव त्याच्या कार्यालयाच्या टॉवरखाली होते. त्यावरून कोणालाही फोन गेला नव्हता, फक्त संदेश येत होते. आणि दर वेळी त्याचे रिचार्ज झाले होते ते त्याच्या स्वतःच्या खात्यातून.

त्याने कागद परत माझ्याकडे सरकवला. मग म्हणाला, “ग्राहकांची रिचार्ज आम्ही करतो. सेवा म्हणून.”

“ठीक आहे,” मी म्हणालो. “चला, जरा मागे येऊ.”

हवालदार पुढे, मध्ये तो, मागे मी. टेम्पोसमोर उभे राहिल्यावर हवालदारांनी रानवेल बाजूला करून नंबरची पाटी दाखवली.

“अकरा फेऱ्या,” मी म्हणालो. “आमच्या कुलपातून.”

पूर्वी फर्मचा खरा माल याच टेम्पोतून जायचा. त्यामुळे नंबर त्याच्या कॉम्प्युटरमध्ये पडून होता. खोटी बिले काढताना त्याने तोच पुन्हा पुन्हा टाकला. टेम्पो कुठे आहे हे पाहायची त्याला कधी गरज वाटली नव्हती. खोट्या बिलांवर दुसऱ्या व्यापाऱ्यांना कराची सूट मिळायची, त्यातून त्याला टक्केवारी मिळायची, आणि कर मात्र फर्मच्या, म्हणजे बाईंच्या, नावावर चढत जायचा.

त्याने पाणी मागितले.

दुसऱ्या दिवशी पंचांसमक्ष त्याच्या कार्यालयाची झडती घेतली. कपाटातल्या तिसऱ्या खणात फर्मची फाइल होती. आत सिम घातलेला एक साधा फोन आणि प्लास्टिकच्या पाकिटात निवृत्तीपत्र. मूळ प्रत, मुद्रांकाच्या कागदावर, दोघांच्या सह्या, साक्षीदारांच्या सह्या, नोटरीचा शिक्का आणि तारीख. पंचनाम्यात मी ते सगळ्यात वर लिहून घेतले. सल्लागाराला अटक झाली. पूर्वीच्या नवऱ्यावरही गुन्हा होताच, त्यालाही अटक करून न्यायालयात हजर केले, काही दिवसांनी तो जामिनावर सुटला.

त्यानंतरची एक भेट मला सांगायलाच हवी. पुरवणी जबाबासाठी मी बाईंना बोलावले होते, आणि जामिनाच्या अटीप्रमाणे हजेरी द्यायला तोही त्याच वेळी आला. एकमेकांना टाळायला ठाण्यात जागा नसते. तो दाराशी थांबला. मी त्याला परत पाठवणार होतो, पण बाईच म्हणाल्या, “राहू दे साहेब. मला बोलायचंच हाय.”

तो आत आला, उभाच राहिला. बाईंनी त्यांच्या फाइलमधून एक कागद काढला. लग्नाच्या काळातल्या थकबाकीचा हिशेब होता तो.

“घटस्फोटानंतरचं सगळं खोटं निघालं,” त्या म्हणाल्या. “त्यातला एक रुपया मी देणार न्हाय, अपील करणार. पण हे आधीचं खरं हाय. तेव्हा मी भागीदार होते. त्या पैशानं माझंपण घर चाललं.”

तो म्हणाला, “ते सगळं मी भरायचं होतं. करारात लिहिलंय.”

“लिहिलंय. ते वाचून मी खुश झाले, आणि पुढचं विचारायचं विसरले. आता तुझ्या लिहिण्यावर मी थांबणार न्हाय. तू न्हाय भरलंस तर व्याज माझ्यावर चढतं. मी हप्ते करून घेतलेत. सगळे हप्ते मी भरणार. तुझा निम्मा हिस्सा मग तुझ्याकडून कोर्टातून घेणार. आधीच सांगून ठेवते, नंतर म्हणशील, मला माहीत नव्हतं.”

त्यांनी आवाज चढवला नाही. तो म्हणाला, “वकील कशाला करते? मी देईन.”

“लेखी दे.”

त्याने माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, “माझ्याकडे बघू नका. हे दिवाणी आहे.”

त्याने समोरच्या बाकावर बसून दोन ओळी लिहून दिल्या. बाईंनी त्या वाचल्या, तारीख टाकायला लावली, आणि कागद फाइलमध्ये ठेवला.

प्रकरण कसे निवळले ते थोडक्यात सांगतो. गुन्ह्याची प्रत, पंचनामा, म्हातारीचा जबाब, आमच्या मुद्देमाल रजिस्टरचा उतारा आणि ते निवृत्तीपत्र जोडून बाईंनी अपील केले. आमचे हवालदार निवृत्तीला पंधरा दिवस राहिले असताना रजिस्टर बगलेत मारून सुनावणीला हजर राहिले. घटस्फोटानंतरची मागणी बाईंपुरती रद्द झाली. खाते खुले झाले. जुन्या थकबाकीसाठी त्यांनी सहापैकी दोन लूम विकले आणि उरलेल्या चारांवर हप्ते फेडले. पूर्वीच्या नवऱ्याने लिहून दिल्याप्रमाणे पहिले काही महिने पैसे दिले, मग थांबला. मग त्यांनी खरोखर दावा लावला. तेव्हा पुन्हा देऊ लागला. त्याला लाज वाटली की वकिलाने समजावले, मला माहीत नाही. कर सल्लागारावरचा खटला मी निवृत्त झालो तेव्हा चालू होता. साक्षीसाठी मी दोनदा जाऊन आलो.

या प्रकरणाने मला काय शिकवले? पोलिसाला गुन्हा ओळखायची सवय असते ती जखमेवरून, फुटलेल्या कुलपावरून. कागदावर केलेला घाव दिसायला वेळ लागतो, आणि आम्ही तो वेळ देत नाही. त्यानंतर माझ्या हाताखालच्या अधिकाऱ्यांना मी एकच सांगत गेलो की ‘दिवाणी’ हा शब्द लिहायचा असेल तर जोडलेला शेवटचा कागद वाचून लिहा. काहींनी ऐकले. काहींना तो साहेबांचा छंद वाटला.

दुसरी गोष्ट घरातली आहे. तीस वर्षे माझ्या बायकोने मी पुढे केलेल्या प्रत्येक कागदावर, मी बोट ठेवले तिथे, सही केली होती. घरकर्ज, ठेवी, विमा, दोघांच्या नावावरची सदनिका. तिने कधी विचारले नाही, आणि मला ते प्रेमाचे लक्षण वाटत आले होते. निवृत्तीनंतरच्या पहिल्याच रविवारी सकाळी मी कपाटातले सगळे कागद काढून जेवणाच्या टेबलावर ठेवले आणि तिला बोलावले.

तिने हात पुसले, चष्मा लावला आणि एकेक कागद घेतला. हे काय, हे कोणाच्या नावावर, तुम्हाला काही झाले तर हे कोण भरणार. दुपारचे दोन वाजले. तिच्या चार प्रश्नांची उत्तरे मला देता आली नाहीत. शेवटी मी एक फॉर्म पुढे केला. बँकेत सोमवारी द्यायचा होता. तिच्या सहीच्या जागी मी सवयीने फुली मारून ठेवली होती.

तिने तो उचलला, फुलीकडे पाहिले आणि स्वतःच्या बाजूला ठेवला.

“आज नाही करत,” ती म्हणाली. “आधी वाचते.”

बँकेत आम्ही गुरुवारी गेलो.